उरकून टाकलेल्या कांजिण्या

फेब्रुवारी संपत आला की मला कडुनिंबाचा वास सहन होत नाही. आमच्या एचएसआर लेआउटमधल्या इमारतीच्या फाटकाशी एक मोठं झाड आहे. या दिवसांत त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते, आणि सकाळी फिरायला निघालेले आजोबा लोक त्याच्याखाली उभे राहून छाती भरून श्वास घेतात. मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तो वास त्यांना औषधी वाटतो. मला तो ओल्या गादीचा वाटतो, दहा दिवस न धुतलेल्या केसांचा, फुटलेल्या फोडांचा आणि ताटात वाळून गेलेल्या दहीभाताचा.

आज सकाळी इमारतीच्या ग्रुपवर निरोप आला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाला कांजिण्या झाल्या आहेत, मुलांना खाली खेळायला पाठवू नये. खाली लगेच हात जोडलेली चित्रं, लशीची चौकशी, अंघोळीच्या पाण्यात काय घालावं याचे सल्ले. आणि एका बाईंनी लिहिलं होतं, परीक्षेच्या आधी उरकलं ते बरंच झालं. मी फोन पालथा ठेवला आणि जाऊन हात धुतले. फोनला काही लागलेलं नव्हतं, तरी दोनदा धुतले.

आई गेल्या आषाढात गेली. तिच्याशिवायचा हा माझा पहिला फेब्रुवारी. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. ते कसे गेले हे आई असताना मला लिहिता आलं नसतं. आता लिहिते आहे, सावकाश, एका दिवशी एक परिच्छेद. अण्णा कांजिण्यांनी गेले. त्या कांजिण्या घरात मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने आणल्या, आईने मुद्दाम आणायला पाठवलं म्हणून. आणि ते आजारी असताना मी त्यांच्याजवळ गेले नाही, कारण मला किळस आली. सांगायचं एवढंच आहे.

चामराजपेटमध्ये आमचं घर एका वठारात होतं. एका ओळीत सहा घरं, पुढे दगडी अंगण, अंगणात एक नळ आणि एक धुण्याचा दगड. कन्नड लोक याला वठार म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. आमचे पूर्वज कधीतरी शेकडो वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आले, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. अण्णा पुस्तकं बांधायचे. बाजाराच्या बाजूला एका बोळात त्यांचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. मैद्याची खळ शिजवताना तिला कीड लागू नये म्हणून ते चिमूटभर मोरचूद टाकायचे. त्यांच्या बोटांना सतत त्या आंबूस खळीचा वास असायचा आणि नखांच्या कडेला हिरवट झाक. हा वास मात्र मला आवडायचा. का, ते सांगता येत नाही. किळस कशाची यावी आणि कशाची नाही, हे माणूस स्वतः ठरवत नसावा.

वठारात मुलांची दुखणी सणांसारखी यायची, एका घरातून दुसऱ्या घरात फराळाच्या ताटासारखी. आदल्या वर्षी गालगुंड आलं होतं. तेव्हा सहा घरांतली आठ पोरं कानाखाली कपड्यांची नीळ फासून अंगणात बसली होती. फुगलेले गाल, ओघळलेली नीळ, त्यावर लाळ. आमची धाकटी लता रडायची तेव्हा तिचे अश्रूही निळे व्हायचे. त्याच्याही आधी गोवर आला होता आणि त्याच्या मागोमाग गाढवीण घेऊन एक म्हातारा. तो दारातच गाढविणीचं दूध काढायचा आणि पितळेच्या छोट्या चमच्याने एकेका मुलाच्या तोंडात ओतायचा. चमचा एकच. एका तोंडातून निघाला की धोतराच्या सोग्याला पुसून दुसऱ्या तोंडात. मी दात आवळले तर आईने माझं नाक दाबलं होतं. कोमट, पातळ, किंचित गोड. आजही कुणी दुधाचा पेला पुढे केला की आधी मला तो धोतराचा सोगा दिसतो.

या सगळ्याची मोठ्या माणसांना किळस कशी येत नाही, हा माझा लहानपणचा मोठा प्रश्न होता. मी पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी. शाईचं अक्षर मला स्वच्छ वाटायचं. माणसं तशी नव्हती. माणसं गळायची.

मी चौथीत होते त्या वर्षी संक्रांतीनंतर पंधरा-वीस दिवसांनी शेजारच्या पद्दक्काच्या सरोजाला कांजिण्या आल्या. सरोजा माझ्याच वर्गात. पद्दक्का कन्नडमध्ये बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची, आणि नळावर दोघींचं कधी अडलं नाही.

"आमच्या सरोजाला अम्मा आली," पद्दक्का घागर नळाखाली सरकवत म्हणाली. आजार म्हणजे देवी घरी येणं, असंच सगळे बोलायचे. "पाठव तुझ्या दोघींना. एकदमच होऊन जाऊ दे. नाहीतर माझं संपलं की तुझं, तुझं संपलं की तिचं. उन्हाळा त्यातच जायचा."

आई बोटांवर मोजायला लागली. "आत्ता लागलं तर शिवरात्रीच्या सुमाराला उठेल. पुढे पंधरा दिवस. म्हणजे परीक्षेला दोघी मोकळ्या."

"सरी, बरं. मग उद्याच पाठव. ताज्या आहेत."

ताज्या. भाजीबद्दल बोलावं तसं.

अण्णा तेव्हा ओट्यावर बसून छापील कागदांच्या घड्या घालत होते. दुकानातलं थोडं काम ते घरी आणायचे. म्हणाले, "अगं, दुखणं कुणी बोलावून आणतं का?"

"ते येणारच आहे. परीक्षेच्या दिवशी आलं तर? तुम्ही बसाल तिच्या जागी पेपर लिहायला?"

"मी कुठला लिहितोय. मी फक्त शिवतो," अण्णा म्हणाले, आणि दोघी हसल्या. मीही हसले. त्या हसण्यात ते ठरून गेलं. तुम्हाला लहानपणी होऊन गेल्या आहेत का, असं अण्णांना कुणीच विचारलं नाही. पोरांचं दुखणं ते. चाळिशीच्या माणसाला त्याचं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने आमच्या वेण्या घातल्या, तोंडं धुतली, आणि कुणाच्या बारशाला पाठवावं तसं आम्हाला पद्दक्काकडे पाठवलं. दारावर कडुनिंबाचा टाळा होता. आत अंधार. सरोजा सतरंजीवर पडली होती आणि तिच्या खालीही कडुनिंबाचा पाला पसरलेला होता, अंगाखाली चुरगळून काळा पडलेला. तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. कपाळावर, पापणीवर, मानेवर पाणी भरलेले टपोरे फोड, काही फुटून चिकट झालेले.

"माझ्या पाठीवर किती आहेत ते मोज," सरोजा मला म्हणाली. "शंभराच्या वर आहेत. तुला तेवढे येणारच नाहीत."

लताने खरंच मोजायला सुरुवात केली, बोट लावून लावून. मी हात पाठीमागे घेतले.

आम्ही चौकाबारा खेळलो. चिंचोके सरोजाच्या हातातून माझ्या हातात यायचे तेव्हा ओलसर असायचे. मग पद्दक्काने एका मोठ्या ताटात दहीभात कालवला आणि तिघींना समोर बसवून हातानेच भरवू लागली. एक घास सरोजाला, एक मला, एक लताला. सरोजाच्या ओठाच्या कडेला एक फोड होता. तिसऱ्या की चौथ्या घासाला पद्दक्काच्या बोटांनी तो फुटला. मी पाहिलं. तीच बोटं ताटात गेली, भात गोळा केला आणि माझ्या तोंडाशी आली.

मी घास गालात धरून ठेवला.

"गिळ ग. अम्माचा प्रसाद आहे," पद्दक्का म्हणाली. तिचा आवाज मायेचा होता. त्या बाईइतक्या प्रेमाने मला नंतर फार कमी लोकांनी भरवलं आहे.

मी गिळला.

आईचा हिशेब बरोबर निघाला. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी लता आणि मी एकदमच तापलो. पण त्याच्याही आधीचे दोन दिवस मला जास्त आठवतात, कारण ते चांगले होते. शाळेतून आले की अण्णा मला त्यांच्या मांडीला टेकून बसवायचे. समोर छापील फर्म्यांचा ढीग असायचा. एका मोठ्या कागदाची घडीवर घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. ते हाडाच्या पट्टीने घडी दाबायचे आणि मी त्यांना त्यातलं वाचून दाखवायची. पुस्तक कुठलंही असो. त्या वेळी मधमाश्या पाळण्याबद्दलचं एक कन्नड पुस्तक बांधायला आलं होतं. अण्णांना त्याची इतकी गोडी लागली होती की ते म्हणायचे, आपण वठारात पोळी ठेवू, पद्दक्काला डसवू. मी खिदळायची आणि माझं डोकं त्यांच्या छातीवर घासायची. माझं अंग तेव्हा अगदी स्वच्छ होतं. एकही फोड नव्हता. किळस यावी असं काहीच नव्हतं.

मग फोड आले. त्या दहा दिवसांबद्दल लिहिताना अजून माझी मान खाजते. डोकं धुवायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, घरात फोडणी द्यायची नाही, औषध आणायचं नाही, देवी रागावते. आई सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या डहाळीने आमचं अंग हलकेच झाडायची. खाजवलं तर हातावर चापट. ज्या परकरात घाम, पू आणि हळद मुरली होती तोच परकर पाच दिवस. उशीला केस चिकटायचे आणि उठताना सुटे व्हायचे तसा बारीक आवाज यायचा. लताने खपल्या काढून एका काडेपेटीत साठवल्या होत्या. एकदा तिने ती पेटी माझ्या कानाशी हलवून वाजवली. मी रडले, इतकी की आईला वाटलं ताप चढला.

अकराव्या दिवशी हळद आणि कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ झाली. आईने तांदळाच्या पिठात गूळ घालून तंबिट्टू केले, आम्हाला नवे परकर नेसवले आणि मारम्मा देवीच्या देवळात नेऊन आणलं. परत आल्यावर लताच्या हातानेच साऱ्या वठारात तंबिट्टू वाटले. तिच्या मनगटावर अजून दोन खपल्या होत्या. सगळ्यांनी आनंदाने खाल्ले. अण्णांनीही खाल्ला. म्हणाले, "झालं बाबा एकदाचं. आता हिची परीक्षा आणि माझी शिलाई."

चार दिवसांनी अण्णांना ताप आला.

पहिल्या दिवशी ते दुकानातून लवकर आले. दुसऱ्या दिवशी छातीवर फोड दिसले आणि आई हसली. खरंच हसली. "अय्यो, या वयात! पोरांची बरोबरी करायला निघाले." पद्दक्का येऊन दारावर ताजा टाळा लावून गेली. अण्णाही हसले. तिसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. आम्हाला आले होते ते फोड अण्णांच्या तुलनेत काहीच नव्हते. त्यांना तळपायावर आले, टाळूवर आले, तोंडाच्या आत आले. दाढी वाढली आणि तिच्यात पू सुकू लागला. त्यांच्या अंगाचा एक वास आला, गोडसर, जड, दोन दिवस पिशवीत राहिलेल्या मांसासारखा. खळीचा वास त्याच्याखाली कुठेतरी बुडून गेला.

चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्यांनी आतून हाक मारली. "ज्योती, ये की इकडे. वाच स्वल्प, थोडंसं. मधमाश्यांचं काय झालं पुढे?"

मी दारात उभी राहिले. परकराचं टोक नाकाला लावलं.

"आत ये."

"वास येतो," मी म्हणाले.

मी दहा वर्षांची होते, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

अण्णा खोकले. मग म्हणाले, "सरी. तिथूनच वाच."

मी दारातून वाचलं, एका हाताने नाक धरून, भरभर. लवकर संपावं म्हणून मधलीच पानं सोडली.

"पान उडवलंस," आतून आवाज आला.

"नाही उडवलं."

"उडवलंस. राणी माशी अजून पोळ्यातच होती. एवढ्यात झाडावर कशी गेली?" ते हसायला गेले आणि पुन्हा खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. मग म्हणाले, "जाऊ दे. खेळ जा. उद्या वाचू."

मी पळाले. अंगणात जाऊन मोकळ्या हवेत श्वास घेतला, छाती भरून.

पुढचे दोन दिवस मी त्या खोलीच्या दारात थांबलेही नाही. आईने पाण्याचं भांडं देऊन पाठवलं तर उंबऱ्यावर ठेवून यायची. खोकला वाढला. पद्दक्का म्हणाली, उष्णता बाहेर पडते आहे. आई म्हणाली, दवाखान्यात नेऊ का. पद्दक्का म्हणाली, अम्मा घरात असताना सुई टोचून घेऊ नये, वाईट होतं. तिला खरंच तसं वाटत होतं. सातव्या दिवशी सकाळी अण्णांच्या ओठांचा रंग बदलला आणि ते बसल्या बसल्या माशासारखं तोंड उघडायला लागले. तेव्हा आईने पाला उचलून अंगणात भिरकावला आणि ऑटो बोलावला. अण्णा ऑटोत बसताना मी पद्दक्काच्या ओट्यावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, तिथे चादरीचा धागा चिकटला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, मोठ्या माणसांत हे कधीकधी छातीत उतरतं, चार दिवस आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. युगादीला, म्हणजे पाडव्याला, आठवडा होता. घरी आणलं तेव्हा सगळ्यांनी पायाला हात लावला. मला पुढे ढकललं. मी वाकले आणि हात जमिनीला लावला, त्यांच्या पायांच्या चार बोटं अलीकडे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षा मी दिली. चौदाव्या दिवसानंतर दोनच दिवसांनी ती होती, आणि आईने मला वेण्या घालून पाठवलं. वर्गात पहिली आले. जे ठरवलं होतं ते सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. त्या निकालाचा कागद मी कधी जपून ठेवला नाही. त्याला हात लावणंही मला घाण वाटायचं.

पुढे मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. पुस्तकं लावताना एका दुपारी वैद्यकाच्या कपाटापाशी मी पहिल्यांदा कांजिण्यांचं प्रकरण उघडलं. उभ्यानेच वाचलं. विषाणू. श्वासातून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. शरीरात शिरल्यापासून साधारण दोन आठवडे दिसत नाही. मोठ्या वयात अधिक तीव्र, फुप्फुसांना सूज येऊ शकते. हे सगळं ठाऊक असल्यासारखं वाचत गेले. मग दोन वाक्यं आली.

पहिलं वाक्य असं की अंगावर फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोगी दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे ते दोन चांगले दिवस. ती मांडी, ती छाती, माझं स्वच्छ डोकं, माझं खिदळणं. फोड आल्यावरही अण्णा आमच्याजवळ येत होतेच, तेव्हाही लागलं असेल. पण मला खात्री आहे की ते त्या मधमाश्यांच्या पानांवर लागलं. दुसरं वाक्य असं की एकदा होऊन गेलेल्याला सहसा पुन्हा होत नाही. म्हणजे अण्णांच्या खोलीत जायला त्या घरात कुणाला धोका नसेल, तर तो मला आणि लताला नव्हता. मी त्यांच्या उशाशी बसू शकत होते. त्यांच्या दाढीतला पू पुसू शकत होते.

लोक म्हणतात किळस ही निसर्गाची राखण आहे, घाणीपासून दूर ठेवते. मला तसा अनुभव नाही. माझी किळस उशिरा आली. जेव्हा विष जात-येत होतं तेव्हा मी त्यांना बिलगून होते, आणि जेव्हा बिलगायला हरकत नव्हती तेव्हा ती मला दारात अडवून उभी राहिली. तिने कुणालाही वाचवलं नाही. आणि मनात दुसरी एक गोष्ट पक्की झाली: ज्याला किळस येते त्याचं प्रेम कमी असतं. आईला कधी किळस येत नाही. तिने अण्णांचं सगळं केलं, अंग पुसलं, चादरी बदलल्या, थुंकी उचलली, चेहऱ्यावर सुरकुती न आणता. मला आली, म्हणजे माझं प्रेम कमी. याच हिशेबाने मी पुढे जगले. मूल होऊ दिलं नाही, त्यामागचं हेही एक कारण आहे, आणि ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही.

आईचा मात्र मला राग होता. तो मी नीट घडी घालून ठेवला होता. ती म्हातारी होऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हाही तिच्या हातचा घास मला नको वाटायचा. अण्णा कशाने गेले असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "छातीत पाणी झालं." कांजिण्यांचं नाव तिने त्यानंतर कधी घेतलं नाही. मीही नाही.

गेल्या मार्चमध्ये आईच्या डाव्या बरगडीखाली आग सुरू झाली. दोन दिवसांनी तिथून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. नागीण. तिने चार दिवस लपवलं, पदराखाली काहीबाही लेप लावला, त्याने जखमा चिघळल्या. मी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, कन्नडमध्ये अगदी प्रेमाने समजावत होती. "आजी, लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या असतील ना? तोच विषाणू. बरा झाला तरी जात नाही, मज्जातंतूत झोपून राहतो. म्हातारपणी शक्ती कमी झाली की उठतो."

घरी आल्यावर आई पलंगावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे तो माझ्यातच होता."

"हो."

"मग तेव्हा यांना माझ्याकडून लागलं?"

"नाही आई. आमच्याकडून लागलं. माझ्याकडून नाहीतर लताकडून."

"तुम्हाला कुणी लावलं?" ती म्हणाली. "मी लावलं. बोटांवर मोजून लावलं." तिचा आवाज चढला नाही की थरथरला नाही. भाजी संपली आहे असं सांगावं तसं तिने सांगितलं. इतकी वर्षं मी जे तिच्याकडून वदवून घ्यायची वाट पाहत होते ते असं सपाट पडलं समोर. मी म्हटलं, "जेवायला वाढते."

जखमा रोज सकाळी कोमट पाण्याने पुसून लोशन लावायचं होतं. बाई ठेवू म्हटलं तर आई ऐकेना. पहिल्या सकाळी मी हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला. ती पाठमोरी बसली, ब्लाउज वर करून. सुरकुतलेली पाठ, आणि तिच्यावर एका बाजूने ओली, लालपिवळी पट्टी. मी बोळा भिजवला आणि टेकवला. एक पापुद्रा सुटून बोळ्याबरोबर आला. मास्कमधूनही तो वास आला. गोडसर, जड. मी श्वास धरला.

"श्वास का धरतेस?" आई म्हणाली.

"नाही धरला."

"धरलास. हात कडक झाला तुझा. जा, ओकून ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"ओकून ये आणि मग पूस. असं दाबून ठेवून होत नाही ते. मी काय करायची? यांची चादर काढली की मोरीत जायची, ओकायची, चूळ भरायची आणि परत. दिवसातून तीनदा, चारदा. पुढे पुढे पोटात काही राहायचं नाही, तर नुसतं पिवळं पाणी पडायचं."

"तुला किळस यायची?"

"अय्यो, मग? मी काय दगड होते?" ती जरा चिडूनच म्हणाली. "माणूस कुजायला लागलं होतं माझ्या डोळ्यांसमोर. किळस येणार नाही तर काय होईल? यांना कळू नये म्हणून नळ सोडायची मोठ्याने. तरी कळायचंच. मला म्हणाले एकदा, तू जा, ज्योतीला दारात उभी कर, तिचं वाचणं ऐकलं की बरं वाटतं. तिला बिचारीला लपवता येत नाही, ते बरं आहे म्हणाले."

मी हातातला बोळा तसाच धरून उभी होते. त्यातून पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"काय सांगू? ओकायची म्हणून सांगू?" आईने मान न वळवता विचारलं. मग पाठ थोडी ताठ केली. "गार वाजतंय ग. जायचं तर जा लवकर."

मी बाथरूममध्ये गेले. दार लावलं नाही, नळही सोडला नाही. ओकले. सकाळचा चहा, आणि त्यानंतर आणखी काहीतरी, जे चहा नव्हतं. चूळ भरली. तोंड धुतलं. मास्क ओला झाला होता, तो तिथेच टाकला आणि परत आले.

आई तशीच बसली होती, पाठ माझ्याकडे करून, वाट पाहत.